जिनोआत स्वस्तात राहायचं तर

जिनोआला मराठी माणूस सहसा चार कारणांनी येतो. कुणाला दुसऱ्या दिवशी क्रूझ पकडायची असते, कुणाला रात्रीच्या फेरीनं सार्डिनिया किंवा सिसिली गाठायची असते. कुणाची मुलगी इथल्या विद्यापीठात किंवा इटालियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत संशोधन करत असते. कुणाला चिंक्वे तेर्रेची गावं पाहायची असतात, पण तिथले खोल्यांचे दर परवडत नाहीत. शिवाय कोकणातले आणि गोव्यातले जहाजी आहेतच. जहाजावर रुजू होताना त्यांची सोय कंपनी करते, पण करार संपल्यावर दोन दिवस शहर पाहायचं ठरवलं तर खोली स्वतःच शोधावी लागते. या सगळ्यांना एक ते तीन रात्रींपुरती, स्वच्छ आणि खिशाला झेपेल अशी खोली हवी असते.

अशी खोली जिनोआत मिळते, आणि इटलीतल्या इतर पर्यटनशहरांच्या मानानं बरीच स्वस्त मिळते. पण इथं हॉटेल निवडायची रीत वेगळी ठेवावी लागते. तारे किती आणि फोटो कसे, याला दुय्यम महत्त्व द्या. गल्ली कोणती, मजला कितवा आणि आपण पोहोचणार किती वाजता, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी मिळवा. एक तारा असलेलं हॉटेल योग्य गल्लीत, लिफ्ट असलेल्या इमारतीत असेल तर तिथला मुक्काम सुखाचा होतो. तीन तारे असूनही रात्री अकरा वाजता दोन जड बॅगा घेऊन पायऱ्यांची गल्ली चढावी लागली, तर त्या ताऱ्यांचा काही उपयोग नाही.

याचं कारण शहराच्या बांधणीत आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात जिनोआ वसलं आहे. पसरायला जागा नाही म्हणून ते मध्ययुगापासून उंच होत गेलं. जुन्या गावातल्या गल्ल्यांना इथले लोक ‘कारुजी’ म्हणतात. काही गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना टेकतात, आणि दोन्ही बाजूंना सहा-सात मजली घरं. स्वस्त हॉटेलं बहुतेक याच जुन्या घरांत असतात, तीही अख्ख्या इमारतीत नव्हे, तर मधल्या एखाद-दोन मजल्यांवर. तळमजल्यावर दुकान, वर वकिलाची कचेरी, त्यावर हॉटेल, त्याच्यावर कुणाचं तरी राहतं घर, असा मामला असतो.

परक्या पाहुण्याची सोय करण्यात हे बंदर मुरलेलं आहे. प्रिन्चिपे स्टेशनापासून काही मिनिटांच्या अंतरावर ‘कोमेंदा दी प्रे’ नावाची दगडी वास्तू आहे. ११८० मध्ये सुरू झालेली ही धर्मशाळा पवित्र भूमीकडे निघालेल्या यात्रेकरूंसाठी होती. जहाज मिळेपर्यंत ते तिथं थांबत. आता तिथं इटालियन स्थलांतराचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. श्रीमंत पाहुण्यांची व्यवस्था निराळी होती. १५७६ मध्ये प्रजासत्ताकाच्या सेनेटनं शहरातल्या मोठ्या वाड्यांच्या अधिकृत याद्या केल्या. त्यांना ‘रोल्ली’ म्हणत. परदेशी राजेरजवाडे, कार्डिनल, राजदूत आले की यादीतल्या वाड्याच्या मालकानं त्यांना घरी उतरवून घ्यायचं, आणि पाहुण्याचा मान पाहून वाड्याची प्रत ठरायची. त्यांतल्या ४२ वाड्यांना २००६ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सांगायचं कारण असं की व्हिया बाल्बी आणि तिच्या आजूबाजूला काही साधी हॉटेलं अशाच जुन्या वाड्यांमध्ये थाटलेली आहेत. पलंग साधा, कपाट साधं, पण मान वर केली तर चित्रांनी भरलेलं छत दिसतं. बजेट थोडं ताणून अशी खोली मिळत असेल तर जरूर घ्या.

भाग कोणता निवडावा

एक रात्र राहून सकाळी जहाज पकडायचं असेल तर प्रिन्चिपे स्टेशनाचा परिसर घ्या. तिकिटांवर आणि फलकांवर शहराचं नाव ‘जेनोवा’ आणि स्टेशनाचं नाव ‘जेनोवा पियात्सा प्रिन्चिपे’ असं असतं. स्टेशनाच्या चौकातून निघणारा व्हिया बाल्बी हा रस्ता सरळ आहे, त्यावर पायऱ्या नाहीत, विद्यापीठाच्या इमारती असल्यामुळे वर्दळ असते आणि रात्री उजेड असतो. पहिल्यांदा येणाऱ्यानं, विशेषतः एकट्या बाईनं किंवा वयस्कर जोडप्यानं, याच रस्त्यावरचं हॉटेल पाहावं असं माझं स्पष्ट मत आहे.

बाल्बीला समांतर, समुद्राच्या बाजूला व्हिया दी प्रे आहे. नकाशात दोन्ही रस्ते खेटून दिसतात आणि प्रेमधली खोली बऱ्याचदा स्वस्तही दिसते. दिवसा हा रस्ता गजबजलेला असतो. आफ्रिकी आणि दक्षिण आशियाई दुकानं आहेत, तांदूळ-डाळ-मसाले मिळतात. रात्री मात्र तिथलं वातावरण बदलतं. नशेचे पदार्थ विकणारे कोपऱ्यांवर उभे असतात. जवळच्या माद्दालेना भागातल्या आतल्या गल्ल्यांमध्ये वेश्याव्यवसाय चालतो, तोही आजचा नाही. वाटेला जाणाऱ्याला सहसा कुणी त्रास देत नाही, पण अनोळखी माणसाला अंधारात दडपण येतंच. रात्री दहाच्या आत परतणार असाल आणि खोली खरोखर चांगली असेल तर हरकत नाही. उशिरा पोहोचणार असाल तर वाचलेल्या पंधरा-वीस युरोंसाठी हा भाग घेऊ नका.

दोन-तीन रात्री राहून आगगाडीनं आजूबाजूला फिरायचं असेल तर दुसरं मोठं स्टेशन, ब्रिन्योले, जास्त सोयीचं. तिथल्या इमारती बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या. रस्ते रुंद, लिफ्टची शक्यता जास्त. व्हिया व्हेन्ती सेत्तेंब्रे या मुख्य रस्त्यावर ‘मेर्कातो ओरिएन्ताले’ नावाची मोठी मंडई आहे, फळं आणि चीज तिथून घ्यावीत. कामोली, सेस्त्री लेव्हान्ते, मोन्तेरोसो या दिशेच्या गाड्या ब्रिन्योलेला थांबतात. चिंक्वे तेर्रेतल्या मोन्तेरोसोला इथून साधारण दीड तासात पोहोचता येतं, गाडी थेट असेल तर त्याहून लवकर.

तिसरा पर्याय जुन्या बंदराजवळचा. रेन्त्सो पियानो हा वास्तुरचनाकार याच शहरातला. कोलंबसच्या सफरीच्या पाचशेव्या वर्षी, १९९२ मध्ये, त्यानं हा भाग नव्यानं उभा केला आणि तिथं मोठं मत्स्यालय झालं. मुलं बरोबर असतील तर इथं राहण्याचा मोह होतो. पण बंदराच्या काठानं ‘सोप्राएलेव्हाता’ हा उंचावरचा वाहनांचा रस्ता जातो, आणि समुद्र दिसणाऱ्या बऱ्याच खिडक्यांसमोर तो असतो. अशी खोली घेताना काचा दुहेरी आहेत का ते विचारा. पियात्सा देल्ले एर्बे या चौकाच्या आसपासची खोली शुक्रवार-शनिवारी घेऊ नका. तरुण मंडळी पहाटेपर्यंत तिथं बसलेली असतात आणि अरुंद गल्लीत आवाज वरपर्यंत चढतो.

डोंगरावरच्या कास्तेल्लेत्तो भागात शांतता आणि देखावा दोन्ही आहे. पियात्सा पोर्तेल्लोपासून वर जाणारी सार्वजनिक लिफ्ट आहे, आणि वरून सगळं जुनं गाव, त्याची पाटीच्या दगडाची करडी छपरं, मागे बंदर आणि दूरवर ‘लान्तेर्ना’ दीपस्तंभ दिसतो. १५४३ मध्ये बांधलेला हा ७७ मीटर उंचीचा दीपस्तंभ आजही चालू आहे. सामान थोडं असेल आणि गुडघे ठीक असतील तर इथं राहावं. सार्वजनिक लिफ्ट रात्री बंद होते, हे मात्र लक्षात ठेवा.

पत्ता नीट वाचा

जिनोआत एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन मालिका असतात. राहत्या इमारतींच्या दरवाजांना काळे क्रमांक आणि दुकानांना लाल. लाल क्रमांकापुढे पत्त्यात ‘आर’ हे अक्षर लावतात. काळा २३ आणि लाल २३ एकमेकांपासून बरेच लांब असू शकतात. हॉटेल वरच्या मजल्यावर असेल तर त्याचा क्रमांक बहुधा काळा असतो. पत्त्यात ‘आर’ नसेल तर लाल पाट्यांकडे पाहूच नका. पत्त्यात ‘इन्तेर्नो’ किंवा त्याचं लघुरूप ‘इंट.’ असेल तर पुढचा आकडा इमारतीच्या आतल्या दाराचा.

रस्त्याच्या नावातला पहिला शब्दही बरंच सांगून जातो. ‘व्हिया’ म्हणजे रस्ता. ‘व्हिको’ म्हणजे अरुंद गल्ली, तिथं टॅक्सी दारापर्यंत येत नाही. ‘सालीता’ म्हणजे चढ आणि ‘स्कालिनाता’ म्हणजे सरळ पायऱ्याच. चाकांची मोठी बॅग असेल तर शेवटच्या दोन्ही प्रकारचे पत्ते टाळा.

गल्ल्यांमध्ये फोनवरचा नकाशा भरकटतो, कारण उंच भिंतींमध्ये उपग्रहाचा संकेत नीट मिळत नाही. निघण्यापूर्वी शहराचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या आणि हॉटेलजवळचं एखादं चर्च किंवा चौक लक्षात ठेवा. रस्ता विचारताना हॉटेलच्या नावापेक्षा चौकाचं नाव उपयोगी पडतं.

बुकिंग करताना

‘कामेरा मात्रिमोनियाले’ म्हणजे एक मोठा पलंग, ‘दोप्पिया’ म्हणजे दोन वेगळे पलंग. आई आणि मुलगा, किंवा दोन मैत्रिणी जाणार असतील तर दोप्पियाच मागा. न्हाणीघराचे तीन प्रकार असतात: खोलीतलं, सामाईक, आणि तिसरा जरा फसवा प्रकार, तुमच्यासाठीच राखून ठेवलेलं पण खोलीबाहेरचं. ‘बान्यो प्रिवातो एस्तेर्नो’ असं लिहिलेलं असेल तर रात्री पॅसेज ओलांडून जावं लागेल. दर कमी असण्याचं हेच कारण असतं, आणि ज्याला चालतं त्याच्यासाठी तो चांगला सौदा आहे.

त्यानंतर हॉटेलला थेट निरोप पाठवून चार गोष्टी विचारा. लिफ्ट रस्त्यापासून आहे की एक जिना चढल्यावर सुरू होते? स्वागतकक्ष किती वाजेपर्यंत उघडा असतो? वातानुकूलनाचे वेगळे पैसे आहेत का? खिडकी रस्त्यावर उघडते की आतल्या चौकात? आतल्या चौकाकडची खोली अंधारी असते पण शांत असते. एका रात्रीसाठी मी तीच घेईन.

मजल्याबद्दल थोडं अधिक. मोजणी आपल्यासारखीच, तळमजला सोडून पहिला. पण जुन्या वाड्यांचे तळमजले प्रचंड उंच आणि मध्ये कमी उंचीचा एक पोटमजलाही असतो. त्यामुळे कागदावरचा दुसरा मजला गाठताना आपल्याकडच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्याइतकं चढणं होतं. जिने संगमरवरी किंवा पाटीच्या काळ्या दगडाचे, मधोमध झिजलेले. पावसात बुटांचे तळ ओले असतील तर कठड्याला धरूनच चढा.

हिवाळ्यात जाणाऱ्यांनी हीटिंगचं विचारून घ्यावं. जिनोआ ज्या हवामान-विभागात येतं, तिथं निवासी इमारतींची हीटिंग १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात, रोज जास्तीत जास्त १२ तास चालवायची असा नियम आहे. हॉटेलांना त्यातून सूट आहे. पण इमारतीतला एखादा मजला घेऊन चालवलेलं गेस्टहाऊस सामाईक बॉयलरवर असेल तर त्याला इमारतीचं वेळापत्रक पाळावं लागतं. ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या शेवटी जात असाल तर जादा पांघरूण मागून ठेवा.

जाहीर दराच्या वर शहराचा पर्यटककर असतो. तो दर माणशी, दर रात्री मोजतात आणि निवासाच्या दर्जानुसार बदलतो. बुकिंगच्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो आणि छोटी हॉटेलं तो रोख मागतात, तेव्हा सुट्टे युरो जवळ ठेवा आणि पावती घ्या. तारखा निवडताना सप्टेंबरमधलं नौकाप्रदर्शन, ‘सालोने नाउतिको’, टाळा. त्या आठवड्यात स्वस्त खोली हा प्रकारच उरत नाही.

व्हिसाच्या अर्जाला हॉटेलचं बुकिंग आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. बुकिंगवर प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचं नाव हवं. आपल्याकडे नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावानं खोली घेतली की काम झालं असं वाटतं, पण वहिनींचं नाव नसेल तर अर्जाच्या खिडकीवर अडतं. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच द्या. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून छापलेलं असतं, तर इटालियन हॉटेलवाला नोंद शोधतो ती आडनावानं. काउंटरवर आधी आडनाव सांगा.

फेरीनं ट्युनिस किंवा टँजिअरला जाऊन परत इटलीत यायचं असेल, किंवा क्रूझचा मार्ग ट्युनिशियाला लागत असेल, तर एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा पुरणार नाही. एकदा बाहेर पडलं की तो संपतो. अर्ज करतानाच बहुप्रवेशाचा मागा आणि क्रूझचं तिकीट सोबत जोडा.

पोहोचल्यावर

विमानतळावरून प्रिन्चिपे आणि ब्रिन्योले या दोन्ही स्टेशनांकडे ‘व्होलाबुस’ नावाची बस जाते. मिलानहून येणार असाल तर मिलानो चेन्त्राले ते प्रिन्चिपे आगगाडीला साधारण दीड ते दोन तास लागतात. लवकर आलात तरी खोली दुपारी दोनच्या आधी क्वचितच मिळते. बॅगा मात्र बहुतेक हॉटेलं आनंदानं ठेवून घेतात.

इमारतीच्या मोठ्या लाकडी दरवाजाशेजारी पितळी बटणांची पाटी असते. त्यावर हॉटेलचं नाव शोधून बटण दाबा आणि कान दारापाशी ठेवा. आतून ‘खट्’ असा आवाज येतो त्याच क्षणी दार ढकलावं लागतं. जिन्यात अंधार असेल तर भिंतीवरचं मिणमिणतं बटण दाबा. दिवा मिनिट-दोन मिनिटांत आपोआप विझतो, तेव्हा पुढच्या मजल्यावर पुन्हा दाबायचं. घरांच्या दाराशेजारचं बटण मात्र घंटेचं असतं, ते ओळखून दाबा. अपरात्री कुणाला उठवू नये.

पासपोर्ट मागतील तेव्हा बिचकू नका. पाहुण्यांची माहिती चोवीस तासांच्या आत पोलिसांच्या यंत्रणेत भरणं हॉटेलवर कायद्यानं बंधनकारक आहे. नोंद झाली की पासपोर्ट परत मागून घ्या, तो काउंटरवर सोडून फिरायला जाऊ नका. या नोंदीचा तुम्हालाही फायदा आहे. फ्रान्स किंवा जर्मनीतून इटलीत आलेल्या बिगर-युरोपीय प्रवाशानं आठ दिवसांत आपली उपस्थिती कळवायची असते, आणि हॉटेलातली नोंद त्यासाठी चालते. मुलीच्या भाड्याच्या घरी राहणार असाल तर मात्र यजमानानं ४८ तासांच्या आत पोलिसांकडे लेखी कळवावं लागतं. आईवडील येणार म्हटल्यावर मुलं हे हमखास विसरतात, तेव्हा आधीच आठवण करून द्या.

किल्ल्या बहुधा तीन मिळतात: रस्त्यावरच्या दाराची, मजल्याची आणि खोलीची. हॉटेलमालकासमोरच तिन्ही लावून पाहा. रात्री स्वागतकक्ष बंद झाल्यावर मदतीला कुणी नसतं.

खोली ताब्यात घेण्याआधी पाच मिनिटं द्या. गरम पाणी सोडून बघा, खिडकी उघडून बघा, गादीच्या शिवणी आणि कोपरे उजेडात तपासा. गादीवर काळे ठिपके दिसले तर ढेकणांचा संशय घ्या आणि लगेच खोली बदलून मागा. बॅग उघडण्याआधी मागितलेली दुसरी खोली सहसा मिळते.

हिरव्या पट्ट्यांच्या लाकडी झडपा हे जिनोआच्या खिडक्यांचं खास लक्षण. त्यांचा खालचा भाग वेगळा, बाहेर उचलून टेकवता येणारा असतो. उन्हाळ्यात दुपारी झडपा लावून फक्त हा खालचा भाग उचलून ठेवा. ऊन आत येत नाही आणि गल्लीतली हवा खेळती राहते. पंखा नसलेल्या खोलीत हा उपाय खरोखर काम करतो.

न्हाणीघरात शॉवरच्या वर एक दोरी लोंबत असते. ती दिव्याची किंवा कपडे वाळत घालायची नाही. कुणी पडलं-बिडलं तर मदत बोलवायची ती घंटा आहे. ओढू नका, आणि बरोबरच्या वयस्कर माणसांना मात्र ती काय आहे हे नक्की दाखवून ठेवा. बिदे जवळजवळ प्रत्येक न्हाणीघरात असतं, त्यामुळे पाण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांची युरोपात इतरत्र होते ती अडचण इथं होत नाही.

खोलीत चहाची किटली नसते. स्वस्त हॉटेलात तर नाहीच. स्वतःची नेणार असाल तर आधी विचारा, कारण जुन्या वायरिंगवर किटली आणि इस्त्री एकदम लावली तर अख्ख्या मजल्याची वीज जाऊ शकते. खोलीत स्वयंपाक करायला मनाई असते आणि ती पाळायला हवी. लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतीत आगीची भीती खरी आहे. दोन गोल पिनांचा आपला मोबाइल चार्जर इथल्या खोबणीत बहुधा बसतो, तीन पिनांचा प्लग मात्र बसत नाही, अडॅप्टर लागतो.

पोटाची सोय

न्याहारीचे पैसे वेगळे असतील तर हॉटेलात घेऊ नका. बाहेरच्या कुठल्याही बारमध्ये काउंटरपाशी उभं राहून कापुच्चिनो आणि ताज्या फोकाच्चाचा तुकडा घ्या. इथले लोक खारी, तेलकट फोकाच्चा कापुच्चिनोत बुडवून खातात. ऐकायला विचित्र वाटतं, पण एकदा खाऊन पाहा. टेबलावर बसलं की त्याच कॉफीचे जास्त पैसे पडू शकतात.

शाकाहारी माणसाला इटलीत इतकं सोयीचं शहर क्वचितच मिळेल. फारिनाता हा इथला रोजचा पदार्थ केवळ हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ यांचा. मोठ्या तांब्याच्या परातीत पातळ पीठ ओतून लाकडाच्या भट्टीत सरकवतात. वरचा पापुद्रा तपकिरी, कुरकुरीत होतो, आतून मऊ राहतं. दुकानदार सुरीनं ओबडधोबड तुकडे कापतो, कागदावर ठेवतो, वर मिरपूड घालतो. आपल्या जाड धिरड्याच्या जवळची चव. बंदरासमोरच्या सोत्तोरीपाच्या कमानींखाली हरभऱ्याच्या पिठाचीच तळलेली ‘पानिस्सा’ मिळते, पण ती बऱ्याचदा मासे तळलेल्या कढईतच तळतात. काटेकोर शाकाहारी असाल तर विचारा.

पेस्तो इथलाच. तुळशीच्या जातीची बासिलिकोची पानं, पाइनच्या बिया, लसूण, ऑलिव्ह तेल आणि चीज. त्यातलं पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या विकरानं विरजतात, हे काटेकोर शाकाहाऱ्यांनी आणि जैन मंडळींनी लक्षात घ्यावं. त्यांच्यासाठी फारिनाताच बरी, फक्त कांदा घातलेली नको असं सांगायचं. फोकाच्चात ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी नाही ना, हेही विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी ऑलिव्ह तेलच असतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही.

जहाजाच्या सकाळी

क्रूझचा धक्का आणि फेरीचा धक्का एक नाही. क्रूझचं जुनं सुंदर टर्मिनल, स्तात्सियोने मारीत्तिमा, ‘पोन्ते देई मिल्ले’वर आहे आणि प्रिन्चिपे स्टेशनापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. सार्डिनिया, कॉर्सिका, पालेर्मो आणि ट्युनिसच्या फेऱ्या सुटतात त्या पश्चिमेकडच्या ‘तेर्मिनाल त्राघेत्ती’हून. तिथं जायला मेट्रोचं दिनेग्रो स्टेशन जवळ. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘पोर्ट’ म्हणू नका, जहाजाचं आणि धक्क्याचं नाव सांगा. सावोनाहून सुटणाऱ्या क्रूझाही बऱ्याच आहेत, आणि सावोना हे वेगळं शहर आहे. तिकिटावरचं बंदर आदल्या रात्री पुन्हा एकदा वाचा.

आदल्या रात्रीच हॉटेलचा हिशोब आणि पर्यटककर चुकता करा, कारण सकाळी सहाला काउंटरवर कुणी नसेल. किल्ल्या कुठं ठेवायच्या ते विचारून घ्या. त्या दिवशी रेल्वेचा संप, ‘शोपेरो’, आहे का ते पाहा. संप कामाच्या दिवशी असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्या लागतात, त्यांतली एखादी धरा. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घेतल्याशिवाय चढू नका, नाहीतर दंड होतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथं काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो. डोंगरातून येणारे ओढे शहराखालून समुद्राला मिळतात, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये व ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांनी माणसांचे जीव घेतले. त्या महिन्यांत पिवळा, नारिंगी, लाल अशा इशाऱ्यांकडे रोज लक्ष ठेवा. ब्रिन्योलेच्या बाजूला बिसान्यो नदीजवळ तळघरातली किंवा तळमजल्यावरची खोली घेऊ नका. लाल इशारा असेल तर वरच्या मजल्यावर थांबा, भुयारी मार्गात उतरू नका. जहाज चुकेल अशी काळजी वाटली तर टर्मिनलला फोन करा, कारण अशा हवेत जहाजही बहुधा वेळेवर सुटत नाही. संकटात क्रमांक एकच, ११२.